डोंगरावरचं बंदर

तात्या कुठलीही जागा दुसरा माणूस आल्याशिवाय सोडत नसत. लग्नात वाढायला उभे राहिले की आमटीचं भांडं ते खाली ठेवत नसत. कुणीतरी पुढे येऊन ते त्यांच्या हातातून घ्यावं लागे. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर एक अनोळखी बाई त्यांना म्हणाली, "जरा पिशवी बघा, मी आलेच." ती तासाभराने आली. तोवर तात्यांनी दोन एसटी सोडल्या होत्या. आमच्या घरी महाडला ते उशिरा पोचले तेव्हा आई वैतागली. "पिशवी चहावाल्याकडे ठेवून यायचं ना, तात्या." तात्या म्हणाले, "चहावाल्याला तिनं कुठं सांगितलं व्हतं? मला सांगितलं व्हतं."

तात्या म्हणजे आईचे चुलते. पोलादपूरच्या वर डोंगरात सात घरांची एक वाडी आहे, तिथले. वीसेक वर्षं ते मालवाहू जहाजांवर खलाशी होते. जहाजावर पहाऱ्याला उभा असलेला माणूस बदली आल्याशिवाय हलत नाही, हा नियम त्यांनी तिथून आणला. तसं जहाजावरून त्यांनी फारसं काही आणलं नव्हतं. एक जाड लोकरी टोपी, एक कातडी पट्टा, मिरची आणि सुकट खलबत्त्यात कुटून करायची एक चटणी, जिला ते सांबल म्हणत, आणि एक शब्द.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलायचे, पण वाडीवर गेले की माझी जीभ अडखळायची. मी बोलते ते पुस्तकातल्यासारखं आहे असं तिथली मुलं म्हणत आणि हसत. मग मी बोलणंच कमी केलं. तात्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. त्यांनी माझं नावच 'इंग्लिश' ठेवलं. "ए इंग्लिश, ह्या औषधावर काय लिवलंय बघ गो." "ए इंग्लिश, चुलीकडं ये, भाकर करपतेय." त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यापासून ते एकटेच राहत आणि स्वतः रांधत. मे महिन्यात आणि दिवाळीत मी त्यांच्याकडे जाऊन राहायचे. दोघंही तासन्‌तास न बोलता बसू शकत होतो. एवढ्यावर आमचं जमलं.

वाडीत पहिल्यांदा गेले तेव्हाच एक मुलगी दुसरीला सांगत होती, "बंदरात पाय नको घालू, तात्या बघतायत." मी आजूबाजूला पाहिलं. समुद्र तिथून दोन डोंगर पलीकडे. समोर होता तो हातभर रुंदीचा पाण्याचा पाट. वरच्या रानातल्या झऱ्यापासून डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत तो वाडीखालच्या भाताच्या खाचरांपर्यंत येत होता. त्याला सगळी वाडी बंदर म्हणत होती. म्हाताऱ्या बायकाही म्हणत. त्या मुलींना तर बंदर या शब्दाचा दुसरा काही अर्थ असतो हेच ठाऊक नव्हतं.

मी तात्यांना विचारलं नाही. मला विचारायची सवय नव्हती. पण त्यांनी माझं तोंड पाहिलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात ते मला एसटीने दासगावला घेऊन गेले. वाटेत महाडला उतरून उसाचा रस पाजला. दासगावला सावित्रीच्या काठावर एका दगडावर बसलो. ओहोटी होती. पाणी कमी, चिखल जास्त. एक होडी चिखलात कलती होऊन पडली होती.

"इथं गलबतं लागायची," तात्या म्हणाले. "मीठ यायचं, कौलं यायची. हे बंदर. हे झालं या शब्दाचं एक घर."

"एक घर म्हणजे?"

"या शब्दाची चार घरं हायत. एक हे. दुसरं मलायात. तिथं बंदर म्हंजे शहर. समुद्र असो नसो, मोठी वस्ती झाली की बंदर. तिसरं जुगाराचं. सगळे ज्याच्या विरुद्ध डाव लावतात, पैशाची पेटी ज्याच्या म्होरं असते, तो बंदर. चौथं तू बघितलंस."

"वाडीतला पाट?"

"वाडीतला नंतर. आधी उदाच्या गावचा."

उदा हा त्यांच्या जहाजावरचा सोबती. सुमात्रा बेटावरच्या डोंगराळ भागातला. उदा हे त्याचं नाव नव्हतं. त्याच्या भाषेत थोरल्या भावाला उदा म्हणतात, आणि तो तात्यांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा होता. दोघांचं बोलणं मोडकं इंग्रजी, जहाजावरचं हिंदी आणि थोडं मलय अशा मिसळीत चाले. एका दुपारी रंग खरवडायचं काम चालू असताना उदाने डेकवर खडूने आपला गाव काढला. डोंगर, त्याच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं, आणि वरून कडेकडेने आलेली एक रेघ. रेघेवर बोट ठेवून तो म्हणाला, बंदर. गावात आम्ही 'बांदा' म्हणतो, पुस्तकात बंदर लिहितात. तात्या म्हणाले, बंदर म्हणजे जिथे जहाज लागतं ते. उदा म्हणाला, तेही. मग दोघांनी मिळून चारही घरं मोजली.

तात्या ती रेघ बघत राहिले. त्यांच्या वाडीतही डोंगर होता, खाचरं होती, वर झराही होता. फक्त रेघ नव्हती. झऱ्याचं पाणी पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, खाली नदीला जात होतं आणि भात कापून झालं की खाचरं पुढच्या पावसापर्यंत उघडी पडत होती.

समुद्र सोडून परत आले ते याच कामासाठी, असं तात्या सांगत. आई म्हणायची, कंबर धरली म्हणून परत आले. दोन्ही खरं असेल. एका फळीला अर्धी भरलेली बाटली आडवी बांधून त्यांनी उतार मोजला. वाडीतल्या सात घरांतले सात पुरुष घेऊन दोन हिवाळे खोदकाम केलं. कातळ आला तिथे वळसा घातला, ओघळ आली तिथे पोखरलेलं खोड आडवं टाकलं. तिसऱ्या हिवाळ्यात खाचरांत वाल झाला. पोलादपूरच्या बाजारात वाडीचा वाल विकायला गेला ही त्या वाडीसाठी साधी गोष्ट नव्हती.

पाट खोदण्यापेक्षा तो राखणं अवघड, आणि इथे तात्यांनी जहाजाची शिस्त लावली. सात घरं, सात वार. ज्या घराचा वार, त्या घरातल्या माणसाने सकाळी झऱ्यापासून खाचरापर्यंत बंदर चालत यायचं. पाचोळा काढायचा, गाळ उपसायचा, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली भोकं चिखलाने बुजवायची. त्या दिवशीचं पाणी त्या घराचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या घराच्या माणसाच्या हातात फावडं द्यायचं आणि सांगायचं, कुठे गळतंय, कुठे नाही. फावडं एकच. ज्या घरातून माणूस येणार नाही त्या घराला त्या आठवड्यात पाणी नाही. तात्यांनी स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याचं खाचर एकदा पंधरा दिवस कोरडं ठेवलं होतं. काकूंनी त्या पंधरा दिवसांत त्यांना वाढलं, पण त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी वाडीवर जायला लागले तोवर हे सगळं बदललं होतं, पण तात्यांच्या मते बदललं नव्हतं. सातांपैकी पाच घरांतले पुरुष मुंबईला होते. कुणी सिक्युरिटीत, कुणी कँटीनमध्ये, कुणी टेम्पोवर. सहाव्या घरातला म्हातारा खाटेवर होता. सातवं घर तात्यांचं, आणि त्यांचा मुलगा विलासमामा डोंबिवलीला. तेव्हा फावडं तात्यांच्याच पडवीत उभं असायचं. रोज सकाळी ते टोपी घालून निघत आणि निघताना ज्याचा वार असेल त्याचं नाव मोठ्याने घेत. "आज बुधवार. गणपत रजेवर." मग गणपतच्या जागी स्वतः जात. रजेवरच्या माणसाचं पाणी तोडायचं नसतं असा त्यांनी नियमाला जोड दिली होती.

गणपतची बायको सुगंधाकाकी. चाळिशीची, काटक, बोलायला तिखट. ती अंगणातून ओरडायची, "तात्या, बारा वर्सं झाली, अजून रजाच चाललीय काय त्याची?"

"कंपनीनं बोलावलं की येईल."

"कंपनी कंची, तुमची का माजी?"

एकदा ती सरळ म्हणाली, "द्या ते फावडं मला. आमचा वार मी बघते." तात्यांनी फावडं आणखी आत ओढून ठेवलं. "जहाजावर बाई नाय," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की वाडीतल्या बायका भांडी घासताना एकमेकींना ते म्हणून दाखवत आणि हसत. पण हसण्याखाली राग होता. खाचरं आता बायकाच करत होत्या. लावणी त्यांची, कापणी त्यांची, वाल पेरायचा आणि डोक्यावरून पोलादपूरला न्यायचा त्यांनीच. फक्त पाण्याला त्यांनी हात लावायचा नव्हता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी दिवाळीत मी वाडीवर गेले होते. तात्यांची नजर अधू झाली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते पुढे ढकलत होते, कारण बदली नव्हती. सकाळी ते बंदर चालून आले, फावडं टेकवलं आणि नेहमीप्रमाणे कुणालाही उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "पाणी चालू. गळती नाय."

मी फिरायला म्हणून वर गेले. तिसऱ्या वळणावर, जिथे पाट एका कातळाच्या पोटाखालून जातो, तिथे सुगंधाकाकी गुडघाभर चिखलात बसली होती. तिच्यापुढे बांधाला दोन भोकं होती आणि त्यांतून पाणी खाली रानात पळत होतं. ती हाताने चिखल थापत होती. मला पाहून दचकली नाही.

"चिंबोऱ्या," ती म्हणाली. "तात्याला दिसत नाय."

"रोज करता?"

"जमेल तसं. कधी मी, कधी खालच्या घरातली सून. तात्या खाली उतरले की आम्ही वर चढतो." तिने हात पाटात धुतले. "सांगू नको गो त्यांना. त्यांना वाटतंय गळत नाय, तर वाटू दे."

मी सांगितलं नाही. गप्प राहणं मला जमत होतंच. पण त्यानंतर रोज सकाळी तात्यांचं "गळती नाय" ऐकताना मी भाकरीकडे बघत बसायचे.

त्याच मुक्कामात त्यांनी मला कामाला लावलं. "ए इंग्लिश, तुझ्या त्या मोबाईलमदी डिक्शनरी हाय ना. बंदर काढ. विलास बोलतो, पाटाला बंदर बोलतात हे तुमी बनवलंत. काढ आणि त्याला वाचून दाखव." वाडीत इंटरनेट चालत नाही. मी महाडला परत आल्यावर शोधायला बसले, आणि एका संध्याकाळचं काम आठवडाभर चाललं. मूळ शब्द फारसी. तिथून तो एकीकडे आपल्याकडे आला, दुसरीकडे व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर मलायात आणि सुमात्रात गेला. तात्यांची चारही घरं जागच्या जागी होती. ब्रुनेई नावाच्या देशाच्या राजधानीचं नाव याच शब्दाने सुरू होतं. मलेशियात समुद्रापासून लांब वसवलेल्या वसाहतींनाही बंदर म्हणतात. इंडोनेशियाच्या कोशात जुगारवाला होता, आणि पाण्याचा पाटही होता. फक्त पाटाच्या शब्दाला त्या कोशाने वेगळा आकडा दिला होता. म्हणजे हा दिसायला तोच पण कदाचित वेगळ्या मुळाचा शब्द असावा. तो फारसीतून आला की तिथलाच, हे मला कुठे नक्की सापडलं नाही.

उदाच्या लोकांबद्दलही वाचलं. मिनांगकाबाउ हे त्यांचं नाव. तिथे घर आणि भाताची खाचरं आईकडून मुलीकडे जातात. मुलगा मोठा झाला की गाव सोडून कमवायला बाहेर पडतो, आणि त्या बाहेर पडण्यालाही त्यांच्याकडे एक शब्द आहे, मरांताउ. त्यातल्या रांताउचा अर्थ किनारा, नदीचा लांब पट्टा. मी ते दोनदा वाचलं. मग वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. हे तात्यांना सांगायचं की नाही, ते मला ठरवता येईना. त्यांनी फक्त शब्द विचारला होता.

पुढच्या आश्विनात तात्या पडले. ओघळीवरच्या खोडावरून पाय घसरला, खुबा मोडला. सुगंधाकाकीनेच त्यांना पाहिलं आणि चौघींना हाक मारून झोळीत घालून खाली आणलं. महाडला ऑपरेशन झालं. दीड महिना ते आमच्याकडे होते. मग कार्तिकात विलासमामा त्यांना डोंबिवलीला न्यायला आला आणि तात्या म्हणाले, आधी वाडीवर न्या.

वाडीवर पडवीत खुर्ची टाकून त्यांना बसवलं. बायका जमल्या. विलासमामा घाईत होता, खाली रस्त्यावर गाडी उभी होती.

"बाबा, निघू या. उन्हाच्या आत खोपोली गाठू."

"बदली नाय," तात्या म्हणाले.

"कसली बदली? दीड महिना तुम्ही नव्हता, काय बुडलं? खाली टाकीचं काम मंजूर आहे, घरोघरी नळ येणार. ते बंदर-बिंदर आता बंद करून टाका. टेन्शनच नको."

"नळाला वाल पिकतो का रे विलास?" सुगंधाकाकी म्हणाली.

विलासमामाने घड्याळात पाहिलं.  तात्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पाट कोरडा पडला असेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं आणि तरी हटून बसले होते. वाल पेरायचे दिवस होते. त्या आठवड्यात पाटाला माणूस ठरला नाही, तर सात घरांचा हिवाळा कोरडा जाणार होता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तेव्हा तात्या माझ्याकडे वळले. "ए इंग्लिश. शब्द काढलास?"

मी वही काढली. एवढ्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते. मी चारही घरं वाचली. पाटाला कोशात वेगळा आकडा दिलाय, तो कदाचित वेगळाच शब्द असेल, हेही वाचलं. ते त्यांना आवडलं नाही. "आकडे देणाऱ्याला दासगावला घेऊन जा," ते म्हणाले. "गाळ भरला की बंदराचा पऱ्या व्हतो, दिसेल त्याला."

मी थांबणार होते. पण वहीतलं पुढचं पान उघडंच होतं. "अजून एक आहे," मी म्हणाले. आणि खाचरं आईकडून मुलीकडे जातात ते वाचलं. पुरुष बाहेर जातात आणि मागे बायका शेत राखतात ते वाचलं.

 तात्यांनी आपल्या मोडलेल्या पायाकडे पाहिलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"उदानंच सांगितलं व्हतं. खाचर आईचं, पाणी आईचं, घर आईचं. त्यानं खडूनं घर काढलं ना, ते त्याच्या भैनीचं व्हतं. त्याचं कायच नव्हतं त्या डोंगरावर. मी इथं आल्यावर बंदर सांगितलं सगळ्यांना. ते नाय सांगितलं."

"का?"

"मला वाटलं, लोक हसतील उदाला. त्याला जमीन नाय, बायकांच्या हाताखालचा माणूस, असं बोलतील. म्हणून झाकून ठेवलं. मित्राची अब्रू हाय ना."

सुगंधाकाकीने पदर खोचला. "उदाची अब्रू तुमी चाळीस वर्सं राखलीत," ती म्हणाली, "आणि तिसऱ्या वळणाची भोकं आम्ही."

मग जे इतकी वर्षं कुणी बोललं नव्हतं ते बाहेर आलं. तात्यांनी तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली, एखाद्या नव्या खलाशाला विचारावेत तसे. खोडाच्या कुठल्या टोकाला कुजलंय? झऱ्याकडून. कातळाखाली चिखल टिकत नाही, तिथे काय घालतेस? पेंढा आणि वारुळाची माती. पाऊस संपल्यावर पहिला गाळ कुठे बसतो? तिने दोन जागा सांगितल्या. दुसरी तात्यांना माहीत नव्हती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्सं व्हतील."

"मग तीन वर्सं मी काय करत व्हतो?"

 सुगंधाकाकीची जीभ तिखट होती, पण त्या वेळी ती हळू बोलली. "तुमी चालत व्हतात, तात्या. तुमी चालत व्हतात म्हणून कुणी पाणी तोडलं नाय."

तात्यांनी मान हलवली. मग विलासमामाला फावडं आणायला सांगितलं. त्यांनी ते मांडीवर आडवं घेतलं, पात्यावरची माती अंगठ्याने काढली आणि सुगंधाकाकीकडे धरलं. तिने घेतलं. बाकीच्या बायकांना वार तिथेच वाटून दिले, त्यांच्या नवऱ्यांचे होते तेच. सोमवार तात्यांच्या घराचा. तो कुणी मागितला नाही आणि तात्यांनीही कुणाला दिला नाही. चार माणसांनी खुर्ची उचलली. खाली गाडीपर्यंत जाताना तात्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना तसं दूरचं काही दिसतही नव्हतं.

डोंबिवलीला ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते. मी दोनदा जाऊन आले. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत. मोतीबिंदूचं एकदाचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि त्या टाक्यांतली कुठली भरून वाहते हे ते सुनेला सांगत. सांबल कुटायला परवानगी नव्हती, खालच्या मजल्यावरचे तक्रार करत.

पौषात विलासमामा ऑफिसातले दोन मित्र घेऊन वाडीवर आला. मी आणि आई तात्यांच्या घरातलं सामान बघायला म्हणून आधीच गेलो होतो. शनिवार होता. मित्रांना शेत दाखवताना त्याला आपलंच खाचर भेगाळलेलं दिसलं. आजूबाजूला वाल फुलावर होता. त्याने पाटाच्या तोंडावरचा दगड काढला आणि पाणी आपल्या खाचरात सोडलं. ते खाचराच्या मधोमध पोचायच्या आत सुगंधाकाकी वरून उतरली आणि तिने तो दगड जागेवर ठेवून कडेने चिखल दाबला.

"हे काय?" विलासमामा म्हणाला.

"तुमचा वार नाय."

"सोमवार तर आमचाच होता ना? तेव्हाही सोडलं नाही तुम्ही."

"सोमवारी तुमच्याकडलं कोण आलं नाय."

मित्र दुसरीकडे बघायला लागले. विलासमामाने खिशातून फोन काढला आणि रेंज मिळते त्या उंच बांधावर जाऊन उभा राहिला. फोन स्पीकरवर टाकला, बहुतेक आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"बाबा, हिने आपलं पाणी बंद केलं. तुम्ही बांधलेलं बंदर आहे. सांगा जरा तिला."

पलीकडून आधी टीव्हीचा आवाज आला. मग तो कुणीतरी बंद केला.

"सोमवारी आपल्या घरातला कोण गेला व्हता?" तात्यांनी विचारलं.

"कोण जाणार, बाबा? सगळे इकडेच आहोत."

"मग तिचं बरोबर हाय." ते म्हणाले. "तू आता तिथं हायस ना? फावडं माग तिच्याकडं. आज शनिवार कुणाचा? त्यांच्यासाठी गाळ काढ. ती देईल तुला करायला."

विलासमामाने फोन कानाला लावला आणि आणखी काही बोलला, ते आम्हाला ऐकू आलं नाही. गाळ त्याने काढला नाही. संध्याकाळी ते तिघं परत गेले. मुद्दामहून सांगायला हवं की तो वाईट माणूस नाही. तात्यांचं सगळं त्याने आणि मामीनेच केलं.

माघात तात्या गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी वाडीवर गेले. खालच्या रस्त्यावरून, एसटीतून उतरताच, डोंगराच्या पोटावरची सात खाचरं दिसतात. सहा हिरवी होती. सातवं उघडं, तडे गेलेलं, तात्यांचं.